सात जणींची साखळी

मावशींनी भिंगाला हातही लावला नाही. टेबलावरचा फोटो दोन बोटांत धरून त्यांनी खिडकीच्या उजेडाकडे जरासा तिरपा केला आणि डावीकडून एकेकीची ओळख सांगायला सुरुवात केली.

"ही भट्टीवरची. हिच्या शेजारची पॅकिंगमधली. हिला आम्ही रेडिओ म्हणायचो. एकदा लागली की बंद व्हायचं नावच नाही."

संग्रहपाल हसत पेन्सिलीने लिहून घेत होता. शहरातल्या कामगार चळवळीचे चार खोके फोटो गेले वर्षभर त्याच्या गळ्यात पडले होते, आणि त्यातली माणसं ओळखणारं कोणी मिळेल ही आशा त्याने जवळजवळ सोडली होती.

"मावशी, भिंग घ्या की. पन्नास वर्षांचा फोटो आहे."

"बावीस वर्षं इंजेक्शनच्या कुप्या उजेडासमोर धरून तपासल्या, बाबा. केसाएवढी चीर सुटली नाही. माणसं कशी सुटतील?"

फोटोत काचकारखान्याचं फाटक होतं. फाटकासमोर हातात हात गुंफलेल्या सात बायका होत्या आणि मधलीच्या कानाशी तोंड नेलेल्या ताई होत्या. ताई म्हणजे युनियनच्या ताई. सगळं गाव त्यांना ताईच म्हणे.

"आणि ही मधली?"

मावशींनी फोटो खाली ठेवला.

"मधली मी."

संग्रहपालाची पेन्सिल थांबली. "आणि हे आत्ता सांगताय? अहो, हाच तर पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घेतोय आम्ही! संपाचा एक्कावन्नावा दिवस, घरात खायला नाही, समोर पोलीस, आणि चेहरा बघा तुमचा. भीतीचा मागमूस नाही. केवढा विश्वास!"

विश्वास होता, हे खोटं नव्हतं. पण त्याआधीची दोन मिनिटं फोटोत आली नव्हती. फोटोवाला तेव्हा रीळ बदलत होता. त्या दोन मिनिटांत मावशींनी हात सोडवून घेण्यासाठी जिवाचा आकांत केला होता, आणि फोटोत हात गुंफून उभ्या दिसणाऱ्या बायकांनी खरं तर त्यांना धरून ठेवलं होतं. कारखान्याचा दवाखाना फाटकाच्या आत होता. घरी तीन वर्षांची पोर चार दिवस तापाने फणफणत होती. त्यांना कामावर जायचंच नव्हतं, औषध घेऊन उलट पावली परत यायचं होतं. पण एक आत गेली की शंभर जातील, असं सगळ्या म्हणत होत्या, आणि त्यांचंही चूक नव्हतं. मग ताई आल्या. कानाशी वाकून म्हणाल्या, "तू हलू नकोस. संध्याकाळपर्यंत औषध तुझ्या घरी पोचतं करते. माझा शब्द."

मावशी हलल्या नाहीत. तेवढ्यात फोटोवाल्याने बटण दाबलं.

औषध आलं नाही. तिसऱ्या दिवशी पोर गेली. फोटोनंतर नवव्या दिवशी संप मिटला, ताईंना खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली, आणि ताई मोठ्या होत होत पार दिसेनाशा झाल्या. मावशींनी कधी जाब विचारला नाही. ताईंनी माणूस पाठवलाच असेल, त्याला घर सापडलं नसेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती, आणि त्या समजुतीवर पन्नास वर्षं काढली होती. आज ताई इथे येणार म्हणून मावशी आल्या होत्या, त्या तेवढंच ऐकायला. पाठवला होता गं, म्हणाल्या तरी पुरे. विसरले, म्हणाल्या तरी पुरे. देवाने माणसाला वाचा दिली आहे, एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो?

"ताई कानात काय सांगताहेत तुमच्या?" संग्रहपालाने विचारलं.

"येणार आहेत ना त्या आत्ता? त्यांनाच विचारा."

काठी टेकत ताई आल्या त्या दारातूनच बोलत. "काय रे, आम्हाला कपाटात कोंबलंस की नाही अजून?" मग मावशींकडे वळून, "कोणत्या खात्यात होतीस गं?"

"तपासणी."

"अगं बाई! तिथल्या पोरी महाखट. मालकाच्याही कुप्या नापास करायच्या." ताई मनापासून हसल्या आणि खुर्चीत टेकल्या.

संग्रहपालाने फोटो पुढे सरकवून तोच प्रश्न विचारला. ताईंनी भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं. मावशींनी मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले होते. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"घोषणा सांगत असणार, दुसरं काय?" ताई म्हणाल्या. "पद्धतच होती माझी. एकीच्या कानात सांगायची, की सगळ्या रांगेत जायची."

"औषधाचं काही होतं का, ताई?" मावशींनी विचारलं.

"औषध?" ताईंनी भिंगावरून बघितलं. त्या नजरेत लपवाछपवी नव्हती. काहीच नव्हतं. "नाही गं. औषधपाण्याला वेळ कुणाला होता तेव्हा? आणि ही मधली कोण रे?"

संग्रहपालाने मावशींकडे पाहिलं.

मावशींनी बोटाला गुंडाळलेले बंद सोडले. "ठाऊक नाही," त्या म्हणाल्या.

"अहो मावशी, आत्ता तर तुम्ही म्हणालात..."

"चुकलं माझं. नजर गेली आता. ही मी नव्हे."

"मला वाटलंच," ताई म्हणाल्या. "तू असतीस तर मी ओळखलं नसतं का तुला?"

संग्रहपालाने गोंधळून खोडरबर शोधलं. लिहिलेलं पुसलं.

"मग काय लिहू? अनोळखी?"

"अनोळखीच लिही," ताई म्हणाल्या. "उलट बरं. मग ती आपली सगळ्यांचीच होते."

मावशी उठल्या. चहा येतोय, थांबा, असं दोघंही म्हणाले, पण त्या थांबल्या नाहीत. कठड्याला धरून अर्धा जिना उतरल्या असतील, तोच मागून पावलं वाजली. संग्रहपाल एकटाच आला होता. फोटो हाताळायचे पांढरे हातमोजे तसेच हातात होते.

"मावशी, मी काही लिहून घेत नाही. नुसतं सांगा. त्या मधल्या बाईचं पुढे काय झालं?"

मावशींनी मागे वळून पाहिलं. वरच्या खोलीत ताई कुणाला तरी फोनवर काही सांगून खळखळून हसत होत्या.

"काय व्हायचंय?" मावशी म्हणाल्या. "जिंकलो की आपण संप."