गादीतल्या कापसाची वात

ओश शहरातल्या बाजारामागे माझं व्हेपचं, म्हणजे विजेवरच्या सिगारेटचं, दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. गिऱ्हाइकं कॉइलची तार स्वतः वळायची, तिच्यात रस शोषणारी कापसाची वात स्वतः भरायची आणि कोणता कापूस चांगला, यावर चहा गार होईस्तोवर भांडायची. आता वापरून फेकायच्या नळ्या आल्या आणि ते भांडणच संपलं.

एर्मात-अका, म्हणजे एर्मातदादा, निवृत्त बसचालक. बायकोच्या धाकानं सिगारेट सोडून माझ्याकडे येऊ लागले. औषधाच्या दुकानातल्या कापसाला दवाखान्याची चव येते, म्हणून मी त्यांना जपानी कापसाचं पाकीट दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं आणि परत ठेवलं. "उका," धाकट्या भावाला मारावी तशी हाक मारून ते म्हणाले, "सगळं बालपण कापूस वेचण्यात गेलं माझं. आणि वातीला कापूस जपानचा?"

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको, होसियत-ओपा, म्हणजे होसियतताई, तरातरा दुकानात शिरल्या. काखेत कुर्पाचा, म्हणजे जमिनीवर बसायची कापसाची गादी, तिच्या कोपऱ्याला हे एवढं भोक. मागून अका, ओठ भाजलेले, मान खाली.

"बघ रे, तुझ्या शिष्याचे प्रताप! थोरलीच्या लग्नात शिवलेली गादी. उंदरांनी सोडली, ह्यांनी कुरतडली!"

"आपल्या अरावानच्या शेतातला कापूस आहे गं," अका पुटपुटले. "पण रस पितच नाही. नुसता जळतो."

"न उकळताच भरलात?" मी विचारलं. "कच्च्या कापसाला मेण असतं, अका. रस आत शिरणार कसा?"

ओपा धपकन स्टुलावर बसल्या. भोकातून चिमूटभर कापूस ओढून बोटांनी पिंजू लागल्या आणि त्यांचा आवाजच बदलला. "शाळा बंद करून न्यायचे आम्हाला वेचायला. हे शेजारच्या गावच्या शाळेतले. वजन भरायला पोत्यात ढेकळं घालायचे, लबाड!"

"ढेकळं माझ्या पोत्यात. आणि माझा वेचलेला कापूस कुणाच्या पोत्यात जायचा, ते सांग की!"

ओपांचे कान लाल झाले.

मी सोडा घालून तो कापूस उकळला, खळखळून धुतला, दारातल्या कडक उन्हात वाळवला आणि वात भरून दिली. अकांनी झुरका घेतला. खरं सांगायचं तर चव ओल्या गवताची होती. जपानी कापसाच्या पासंगालाही पुरली नसती. पण अका डोळे मिटून म्हणाले, "होसियत, दव पडलेलं शेत गं."

जन्मभर धुराला शिव्या देणाऱ्या ओपा पुढे झुकल्या, त्यांनी वास घेतला, ठसकल्या, आणि हसताहसता डोक्यावरच्या रुमालाऐवजी गादीलाच डोळे पुसले.

मग अकांनी मुकाट्यानं जपानी पाकीट विकत घेतलं. ओपांनी सुईदोरा मागितला आणि तिथेच भोक शिवायला बसल्या. शिवताशिवता दोघांचं जुंपलं, शेतात आधी कुणी कुणाकडे पाहिलं यावरून. दारात एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी हातानंच थांबायला सांगितलं. मला ते ऐकायचं होतं.