राहिलेली भेट

आमच्या यजमानांना माजघरात भिंतीला टेकवून बसवलं होतं. आम्हा लिंगायतांत माणूस आडवा जात नाही, बसून जातो. मांडी घातलेली, कपाळाला भस्म, गळ्यात झेंडूची माळ. गिऱ्हाइकापुढे चादरी उलगडायला बसायचे, तसेच दिसत होते.

धोंडप्पा, माझा धाकटा दीर, उंबऱ्यात घुटमळत होता.

"वैनी, दिस मावळायच्या आत उरकू. वैशाख हाय. घरची चार माणसं आन् स्वामी, बास झालं की."

"आन् मंगळवेढ्याच्या वन्सं? मोडनिंबचं हरिबा? त्यास्नी न भेटवताच मातीत घालू व्हय?"

"आता कुणाची भेट राहिलीया, वैनी?"

"समद्यांचीच राहिलीया," मी फटकारलं. या माणसाला जन्मभर उरकायचीच घाई. आमच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी पंगत मांडायला निघाला होता.

मी हटून बसले, त्याला कारण होतं. न भेटता राहणं काय असतं ते त्या दिवशी मला कळलं होतं. पहाटे गिरणीच्या भोंग्याला उठले, तर शेजारच्या अंथरुणात ते गार पडलेले. ना पाणी मागितलं, ना हाक मारली. त्यात शेवटचे महिने आमच्यात धड बोलणंही नव्हतं. गोऱ्या सरकारचा मार्शल लॉ उठून बाजार पुन्हा भरायला लागले, तसा हा माणूस पेठेतलं दुकान सोडून चादरींचं गाठोडं घेऊन खोकत खोकत गावोगाव हिंडायला लागला. मी म्हणायची, घरात पडा, काढा घ्या. "जुनी गिऱ्हाइकं हायती, तोडून चालत न्हाय," एवढंच उत्तर. मग मी तोंड फुगवून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून द्यायची. ते हट्टी, आणि मीही काही गरीब गाय नव्हते.

आता डोळ्यांतून टिपूस येईना. म्हटलं, त्यांची माणसं येतील, पोटभर रडतील, त्यांच्यात मलाही रडू येईल. पेठेत सांगावा धाडला, बाहेरगावी मोटारवाल्याबरोबर निरोप दिले. रात्रभर भजन चाललं. धोंडप्पा मान खाली घालून देहावरची ओली फडकी बदलत राहिला.

सकाळच्या मोटारीनं सगळे आले. माझी नणंद महानंदा दारातूनच हेल काढत आली आणि भावाच्या गुडघ्यांवर पडली. आमच्या बायका हेल काढून रडायला लागल्या की पोटातलं सगळं ओठांवर येतं, आणि त्या रडण्याला कुणी आडवं जात नाही.

"संक्रांतीला येऊन गेलास रं आण्णा... माज्या हातची पोळी खाल्लीस रं... डाक्टर पावसाळा दिसत न्हाय म्हणतोय, म्हणलास... धाकट्या भैनीच्या पाया पडलास रं... हीच शेवटची भेट म्हणलास... शिवम्मावैनीला कळू देऊ नगं म्हणलास रं आण्णा..."

"महानंदा, गप," धोंडप्पा म्हणाला.

त्या 'गप'नं हे खरं असल्याची माझी खात्री पटली. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. एकही चेहरा चकित झालेला नव्हता. हरिबा धनगर, यजमानांचा जुना दोस्त, पटका हातात घेऊन जमिनीकडे बघत होता.

"हरिबा, तुमाला ठावं हुतं?"

"व्हय, वैनी. शपथ घातली हुती त्येनं."

"कशापायी?"

"म्हणला, तिला कळलं तर ती रोज रडत बसंल. मला तिचं भांडाण आवडतंय. शेवटपत्तुर तेवढं असू दे."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. त्यांना ते गोड वाटलं असावं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या भाकरी मी शिव्या देत बांधल्या, त्या खाऊन हा माणूस गावोगाव निरोप घेत फिरला. बहिणीला सांगितलं, दोस्ताला सांगितलं, भावाला सांगितलं. चुलीपुढची मी तेवढी परकी. आणि या सगळ्यांनी माझ्या घरी येऊन माझ्या हातचा चहा घेतला होता, माझ्या तोंडाकडे बघत.

बाहेर त्यांना बसवून न्यायचं विमान सजलं होतं. आमच्यातला, मयताच्या मस्तकावर पाय ठेवण्याचा विधी करायला स्वामी पुढे झाले.

"थांबा, स्वामी," मी म्हटलं. "समदी भायेर व्हा."

धोंडप्पा चपापला. "वैनी, एवढी माणसं तुमीच बलिवली की."

"व्हय. त्यांच्या भेटी कवाच झाल्यात. माजी राहिलीया."

कुणी हलेना. तेव्हा स्वामीच आधी बाहेर पडले, आणि त्यांच्यामागून बाकीचे. मी दार लावलं. बाहेर टाळ थांबले.

त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. लग्नापासून नाव घेतलं होतं ते फक्त उखाण्यात, तेही लाजत, चारचौघींच्या आग्रहानं.

"सिद्धप्पा," मी म्हटलं, "मंगळवेढ्याला गेलास, मोडनिंबला गेलास. शेजारच्या अंथरुणापत्तुर यायला तुला मोटार मिळंना व्हय?"

आणि त्याला जे बघायचं नव्हतं ते रडणं मी त्याच्यासमोर बसून पुरतं रडले.