खुर्चीवरची फळी आणि भुंग्याचा कान

मी एक जुनी फळी आहे. हात-दीड हात लांब, वीतभर रुंद आणि मधोमध जराशी खोलगट. ती खोलगट जागा सुताराने केलेली नाही बरं का. ती दोन पिढ्यांच्या चुळबुळीने पडली आहे.

खरं तर मी एका कपाटाचा कप्पा होणार होते. सुताराचं माप चुकलं, मी बोटभर आखूड निघाले आणि कोपऱ्यात जाऊन पडले. त्याच आठवड्यात सुताराचा मेहुणा आपलं रडगाणं घेऊन आला. त्याचं केस कापायचं दुकान होतं. लहान मुलं मोठ्या खुर्चीत बसली की नुसता शेंडा दिसायचा, आणि वाकून वाकून बिचाऱ्याची कंबर कामातून गेली होती. सुताराने मला पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केलं, कडा गोल केल्या आणि म्हणाला, "ही खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाक आणि पोराला वर बसव." अशा रीतीने डबे सांभाळायचे सोडून मी मुलं सांभाळू लागले.

मित्रांनो, माझ्यावर बसून किती जणांनी पहिल्यांदा केस कापून घेतले! आया पहिली बट हळूच पर्समध्ये टाकायच्या. "एवढं काय रडायचं त्यात?" असं म्हणणारे बाबालोक कात्री जवळ आली की स्वतःच तोंड फिरवायचे. दुकानदार येईल त्याला सांगायचा, "या फळीने माझी कंबर वाचवली." ते ऐकून मी मनातल्या मनात फुगायचे.

मग दुकानात पंपाची खुर्ची आली. पायाने दाबलं की ती वर जायची. माझी रवानगी दारामागे झाली, झाडूच्या शेजारी. झाडू स्वभावाने चांगला होता, पण त्याचं सगळं बोलणं केरावरच. मी फार कंटाळले. सुदैवाने त्या पंपाला लवकरच खोड लागली. भांग पाडून होईपर्यंत गिऱ्हाईक हळूहळू खाली यायचं. एका छोट्या मुलीचे केस कापता कापता दुकानदार शेवटी गुडघ्यांवर बसला. त्या दिवशी मी पुन्हा खुर्चीवर चढले.

आता भुंग्याची गोष्ट सांगते. भुंगा हा एका बसड्रायव्हरचा मुलगा. दिवसभर गुणगुणत असतो, म्हणून घरी-दारी भुंगाच. त्या दिवशी बाबाला कामावर जायची घाई होती. पोर गप्प बसावं म्हणून त्याने वाटेतच दम भरला होता, "हललास तर कान जाईल हं." झालं भलतंच. एक बाजू कापून झाली, मशीन कानाजवळ आलं आणि भुंग्याने दोन्ही कान घट्ट झाकून घेतले. अर्धं डोकं साफ, अर्ध्यावर जंगल. समजूत घालून झाली, रागावून झालं, पण हात काही निघेनात. पोर खरंच घाबरलं होतं.

"कान कोणी कापत नाही रे बाळा," दुकानदार म्हणाला.

"बाबा म्हणाला," भुंगा म्हणाला.

दुकानदाराने आरशातून बाबाकडे पाहिलं. "ड्रायव्हरसाहेब, आता तुमचं तुम्हीच निस्तरा."

बाबाने ओशाळून मोबाइल खिशात टाकला. एक हात माझ्यावर टेकून तो वाकला. "हे बघ, तुझा कान मी धरून ठेवतो. कापलं तर आधी माझं बोट कापेल. मग बस कोण चालवणार?"

भुंग्याने विचार केला. "कंडक्टर," तो म्हणाला, पण हात काढले.

बाबाने अंगठ्याने कान अलगद दुमडला आणि तसाच थांबला. "इथे तीळ आहे याला. कानाच्या मागे. मी कधी पाहिलाच नाही."

"तुला पण आहे," भुंगा म्हणाला. "तिथेच. तुझ्या खांद्यावर बसलो की दिसतो."

दुकानदाराने छोटा आरसा उचलून बाबाच्या मागे धरला. बाबाने मान वाकडी करून करून पाहिलं. होता तीळ.

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

बाबा हसला. माझ्यावर टेकलेला त्याचा हात आता घाईतला नव्हता, हे मला लाकडाला सुद्धा कळलं. मशीन थांबलं तरी त्याने कान सोडला नाही. कामाला उशीर व्हायचा तो झालाच. पण जाताना त्याने भुंग्याला खांद्यावर घेतलं, आणि दाराच्या काचेतून मला दिसलं, वर बसलेला भुंगा एका बोटाने बाबाचा तीळ जागेवर आहे ना, ते तपासत होता. मला इतका आनंद झाला की पुढचं पोर बसल्यावर मी करकरायची सुद्धा विसरले.

मित्रांनो, आता माझी एक कड तडकली आहे. माझ्यावर बसाल तेव्हा पाय आपटू नका आणि खालून च्युइंगम चिकटवू नका, एवढं माझ्यापुरतं. दुसरं मागणं तुमच्या आईबाबांसाठी आहे. तुम्हाला वाढवण्यातली निम्मी गंमत त्यांच्या घाईत सांडून जाते. तुम्ही त्यांच्या मांडीवर बसता, खांद्यावर चढता, त्यांना न दिसणारं तुम्हाला दिसतं. ते त्यांना सांगा. त्यांना विचारायचं सुचत नाही हो. तुम्ही न विचारताच सांगून टाका.