ट्रामच्या रुळांवरची खुर्ची

राज्याच्या रेल्वे मंडळावर नेमणूक झाली तेव्हा अल्फियस टटलने बॉस्टनला जाऊन नवी उंच हॅट घेतली. आगगाडी असो की रस्त्यावरची ट्राम, आता एकही चाक आपल्याला विचारल्याशिवाय फिरणार नाही, अशा थाटात तो होता. मग कळलं, मंडळाला हुकूम सोडायचा अधिकारच नाही, नुसती शिफारस करायची. घरी बायकोसुद्धा त्याचं सगळं ऐकून घ्यायची आणि करायचं तेच करायची. म्हणजे या कामाचा त्याला अनुभव दांडगा होता.

त्या हिवाळ्यात ट्राम कंपनीने टेकडीखालचा थांबा बंद केला. नेमका त्याच्या आईच्या, हुल्डाबाईंच्या, दारातला. त्या रोज शिजवलेल्या बीन्सचं मडकं घेऊन टेकडीवर राहणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या बहिणीला भरवायला ट्रामने जायच्या. आता बर्फावरून टेकडी चढणं आलं. एकदा त्या घसरल्या, मनगट मुरगळलं, मडकं फुटलं आणि बहीण त्या दिवशी उपाशी राहिली.

अल्फियसने कडक भाषेत शिफारस धाडली. कंपनीचे मॅनेजर स्टिमसन यांनी कळवलं, ‘आदरपूर्वक विचार करू.’

“विचार करू म्हणजे कधी रे?” आईने विचारलं.

“म्हणजे कधीच नाही.”

“मग तू काय करणार?”

“पुन्हा शिफारस.”

“अरे, मग तुला तिथे ठेवलंय कशाला? शोभेला?”

त्याला हसू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

दुसऱ्या दिवशी हुल्डाबाईंनी स्वयंपाकघरातली खुर्ची शेजाऱ्याकडून रुळांच्या मधोमध ठेववून घेतली आणि शाल गुंडाळून वर बसल्या. ट्राम थांबली. ड्रायव्हर कॉनर्सने मुकाट्याने हात देऊन त्यांना आत घेतलं. मग हे रोजचंच झालं. हळूहळू खुर्चीमागे शेजाऱ्यांची रांगही लागू लागली.

आता स्टिमसनच तक्रार घेऊन मंडळाकडे धावले. बाकीच्या सभासदांनी हसत हसत ती अल्फियसकडे सरकवली. नवी हॅट घालून तो बर्फात आईसमोर उभा राहिला. शेजारी स्टिमसन होतेच.

“श्रीमती टटल,” त्याने घसा खाकरला, “खुर्ची हलवावी, अशी मंडळाची शिफारस आहे.”

“आदरपूर्वक विचार करीन हो,” हुल्डाबाई म्हणाल्या.

रांगेत हशा पिकला. तेवढ्यात लांबून ट्रामची घंटा ऐकू आली.

“अहो साहेब, उठवा ना त्यांना!” स्टिमसन ओरडले.

अल्फियसने आईच्या फडकं बांधलेल्या हाताकडे पाहिलं. त्याने तिच्या मांडीवरचं गरम मडकं उचललं आणि खुर्चीला खेटून रुळांवर उभा राहिला.

“मला अधिकार नाही,” तो म्हणाला. हे वाक्य त्याने आजवर शंभर वेळा रडत म्हटलं होतं, आज त्याचा त्याला भारी आनंद झाला.

ट्राम थांबली. आईने त्याच्या दंडाला धरून उठता उठता विचारलं, “एवढंच करायचं होतं, तर इतके कागद कशाला रे नासवलेस?”