कब्बन पार्कातलं रडणारं झाड

सोमवार, सकाळचे साडेसहा. कब्बन पार्कात बांबूच्या बेटामागचा पर्जन्यवृक्ष रोजच्यासारखा रडू लागला आणि शे-दीडशे माणसं ओंजळी पुढे करून रांगेत उभी राहिली.

डॉ. वनजाक्षी रांगेबाहेर छत्रीवर रेलून उभ्या होत्या. बेंगळुरूच्या सरकारी इस्पितळात जन्म काढून निवृत्त झालेल्या बाई. असले चमत्कार त्यांनी इतके पाहिले होते, की आता राग येत नसे. नुसता शीण येई. पण या रांगेत गिरिजम्मा होती. दोघी कित्येक वर्षं बागेला रोज एक फेरी मारायच्या, बँडस्टँडपाशी बसून जगाची उणीदुणी काढायच्या आणि फाटकाबाहेर एक कॉफी दोन पेल्यांत वाटून घ्यायच्या. हल्ली गिरिजम्मा लंगडत यायची ती थेट झाडाखाली.

"पायाला काय झालंय?" वनजाक्षींनी विचारलं.

"काही नाही गं. चप्पल लागली."

"आणि इन्सुलिन?"

गिरिजम्मानं नजर चुकवली. "स्वामी म्हणतात, सुई आणि तीर्थ एका अंगात नांदत नाहीत."

बुंध्याला टेकून मरप्पा स्वामी गरजत होते, "या झाडाखाली हजार वर्षांची समाधी आहे! आतले सिद्धपुरुष जगाचा मधुमेह पाहून रडतायत! टोचून घेणाऱ्यांनो, अजून किती भोकं पाडून घ्याल?"

"हजार वर्षं?" वनजाक्षी म्हणाल्या. "स्वामी, ही बाग इंग्रजांनी १८७० साली वसवली. हे झाड तर मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. सिद्धपुरुष काय रोपाबरोबर बोटीनं आले?"

चार-दोन जण हसले. ट्रॅकसूटमधला एक गृहस्थ वळला. "डॉक्टरम्मा, धंदा बसला म्हणून जळताय होय?"

"निवृत्त झालेय बाबा. कधीच बसलाय."

वनजाक्षी झाडाकडे बघत राहिल्या. झाडावरून पाणी गळतं तेव्हा ते वाऱ्याच्या लहरीनं गळतं. इथे चार, तिथे एकही नाही. हे थेंब एकाच जागी पडत होते. टप, टप, टप, अगदी एका चालीत. ही चाल त्यांनी आयुष्यभर रोग्यांच्या उशाशी उभं राहून पाहिली होती. त्यांनी तळहातावर थेंब झेलला, जिभेला लावला. गोड.

"हात लावू नका! झाड कोपेल!" स्वामी ओरडले.

"कोपू दे."

बुंध्यावर मनीप्लांटची वेल चढली होती. वनजाक्षींनी छत्रीची मूठ तिच्यात अडकवली आणि ओढली. पानांआडून पारदर्शक नळी खाली आली, नळीमागून थेंब कमी-जास्त करायची चकती आणि शेवटी फांदीच्या बेचक्यातली बाटली. सलाइन लावतात तसली. आत ग्लुकोज.

"साखरेचं पाणी आहे हे," त्या गर्दीकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "ज्यांना साखर विष आहे, त्यांनाच हा माणूस ती पाजत होता. झाड रडत नाही. रडलंच, तर आधी वर चढून बघा. औषध सोडायला जो सांगेल, त्याला विचारा की माझी साखर कुठे मोजलीस, कधी मोजलीस. एवढं विचारायला डॉक्टर व्हावं लागत नाही. या बागेत फिरा, सावलीत बसा, पोरांना खेळवा. बाग त्याचसाठी आहे."

मग ट्रॅकसूटवाला म्हणाला, "पण मला गुण आला होता हो."

"रोज पहाटे उठून चालत इथवर येत होतास ना? त्याचा आला."

मागून एक बाई पुटपुटली, "बाटली माणसाची असेल, भाव तर आपला होता." वनजाक्षी नळी बाटलीभोवती गुंडाळू लागल्या. उत्तर द्यायचं तरी किती जणांना? तोवर मरप्पा स्वामी चपला टाकून कंठीरवा स्टेडियमच्या दिशेनं पसार झाले होते.

गिरिजम्मा मात्र जागची हलली नव्हती. मग जवळच्या बाकावर बसून तिनं लुगड्याचा काठ जरा वर केला. पायाला फडकं गुंडाळलेलं होतं. वनजाक्षींनी ते सोडलं. अंगठा काळा पडला होता. वर घोट्यापर्यंत सूज चढली होती.

"मला का नाही दाखवलंस?"

"तू ओरडली असतीस."

"आता ओरडू?"

"आता नको," गिरिजम्मा म्हणाली आणि रिक्षात बसेपर्यंत तिनं वनजाक्षींचा हात सोडला नाही.

स्वामींचा पत्ता लागलेला नाही. गिरिजम्माला इस्पितळात दाखल केलं असून इन्सुलिन पुन्हा सुरू झालं आहे. बुधवारी संध्याकाळपर्यंत साखर आटोक्यात आली नव्हती. नुसता अंगठा काढायचा की पाऊल, हे सर्जननी अजून ठरवलेलं नाही.