चिखलाचे हात, कोरडे हात

गणितात पहिली आल्याचं मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा आई म्हणाली होती, "हो का? मग आता बटाटे सोल." आयर्लंडच्या पश्चिमेला आमच्या मेयोत कौतुक म्हणतात ते एवढंच. त्याहून जास्त मागितलं की पोरीच्या डोक्यात हवा गेली म्हणतात, आणि ती बातमी चार गावं फिरून चर्चच्या दारात आपल्या आधी पोचलेली असते. अशा घरात वाढलेल्या बाईला टियरनननी सांगितलं, "तुझं शिफारसपत्र तूच लिहून आण. मी सही करतो."

टियरनन आमचे प्रोफेसर. गॉलवेच्या विद्यापीठात प्रोफेसरला नावानंच हाक मारायची पद्धत आहे, ओरडा मात्र बापाचा खावा लागतो तसाच खायचा.

"अहो, स्वतःबद्दल 'अत्यंत हुशार' असं कसं लिहू मी?"

"मग 'बरी आहे' असं लिही," ते कोट चढवत म्हणाले. "ब्रोना, मला या महिन्यात बावीस पत्रं द्यायची आहेत. सगळे असंच करतात गं. तू काय केलंस ते माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक." आणि गेले जेवायला.

डॉक्टरेट झाल्यावर स्वतःचं संशोधन करायला तीन वर्षं मिळतात, त्या फेलोशिपचा हा अर्ज. माझी तिसरी खेप. डॉक्टरेटनंतर पाच वर्षांच्या आतच अर्ज करता येतो आणि माझी पाच वर्षं नोव्हेंबरात भरत होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. विद्यापीठातलं काम ऑगस्टात संपणार, आणि नंतर काय, तर मामेभावाच्या ओळखीनं कॅनडात कॅल्गरीला तेलकंपनीत मातीच्या नमुन्यांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या. मला मेयोतल्या दलदलीत राहायचं होतं. तिथली काळी माती वाचायला मी अकरा वर्षं शिकले होते आणि दुसरं मला काहीही येत नाही.

दुपारभर बसून मी पत्र लिहिलं. त्यातलं पहिलं वाक्य होतं, 'ब्रोना गॉहन वेळेवर येते.'

माझ्या समोरच्या टेबलावर फिन्टन बसतो. सहा वर्षं आम्ही एकाच किटलीतला चहा पितोय. त्याचाही त्याच फेलोशिपला अर्ज होता, जागा एकच होती, आणि त्यालाही टियरनननी हेच सांगितलं होतं. त्यानं माझं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि हसून हसून टेबलावर डोकं टेकलं.

"तुझं दाखव मग, शहाण्या!"

त्याचं होतं, 'फिन्टन मनमिळाऊ असून त्याला गाडी चालवता येते.'

"आपण दोघंही मरणार," मी म्हटलं.

"असं करू," तो म्हणाला. "माझं तू लिही, तुझं मी लिहितो. दुसऱ्याचं कौतुक करायला काय जातंय? एकमेकांना दाखवायचं मात्र नाही. मला लाज वाटेल."

मला ते एकदम पटलं. तेव्हा कसं पटलं, देव जाणे.

आता त्या काळ्या रेघेचं सांगायला हवं. दलदलीत आम्ही पोलादी नळी खाली ढकलतो आणि मातीचा लांब दांडा वर काढतो. हे दोघांचं काम असतं. एकाचे हात चिखलाचे, तो नळी ओढतो, माती बघतो आणि काय दिसतं ते ओरडून सांगतो. दुसऱ्याचे हात कोरडे, तो वहीत लिहितो. चिखलाच्या हातानं वहीला शिवायचं नाही, हा टियरननचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. बोटं गोठतात म्हणून दर नळीला हात बदलायचे. तर चार वर्षांपूर्वी मार्च महिन्यात, तोंडावर गारा बसत असताना, पाच मीटर खाली आम्हाला जळक्या कोळशाची केसाएवढी रेघ मिळाली. त्या भागात माणसं वस्तीला आली त्याच्या हजार वर्षं आधीची आग! आमचं जे काही नाव झालं ते त्या रेघेवर. सगळीकडे आम्ही 'आम्हाला सापडली' असंच म्हणत आलो. पहिल्यांदा पाहिली कुणी, हे विचारायची वेळच आली नाही. मला तर खरंच आठवत नव्हतं. आठवत होत्या त्या फक्त गारा.

फिन्टनचं पत्र लिहायला बसले आणि पेन थांबेना. तो चिकाटीचा आहे, प्रामाणिक आहे, विद्यार्थ्यांवर खेकसत नाही. पण एवढ्यावर कुणी फेलोशिप देत नाही, काहीतरी मोठं हवं. मग मी लिहिलं, 'ती रेघ प्रथम फिन्टनच्या नजरेनं टिपली.' म्हटलं, असेलही. नसेल तरी आपल्या नावावर घेण्यापेक्षा बरं.

शेवटच्या दिवशी टियरनननी दोन्ही पत्रांवर गाडीच्या टपावर ठेवून सह्या केल्या. एक ओळ वाचली असेल तर शपथ.

जूनमध्ये डब्लिनहून बोलावणं आलं. दोघांनाही. बसमध्ये शेजारी बसून गेलो, त्याच्या आईनं दिलेला मनुकांचा पाव खाल्ला. त्याची मुलाखत अकराला, माझी बाराला. तो बाहेर आला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता. काही बोलणार तोच मला आत बोलावलं.

समितीची अध्यक्ष डेन्मार्कची एक बाई होती. आवाज शांत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. अर्धा तास सगळं छान चाललं. मग तिनं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"डॉक्टर गॉहन, हे विचारणं योग्य आहे की नाही, मलाही ठाऊक नाही. पण हे पत्र म्हणतं, ती कोळशाची रेघ तुम्ही शोधली. आणि हे म्हणतं, दुसऱ्या उमेदवारानं शोधली. दोन्हीखाली सही एकाच माणसाची आहे. नक्की कुणी?"

मेल्या फिन्टन, तूही तेच लिहिलंस!

खरं सांगायचं तर 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं. पण माहीत नाही म्हणणाऱ्या संशोधकाला कोण घेणार? त्याचं नाव घेतलं तर मी संपले. आणि तासाभरापूर्वी ह्याच खुर्चीत बसून तो काय बोलला असेल? 'मी' म्हणाला असेल का? म्हणून कान लाल होते का? की माझं नाव घेऊन आलाय येडा? त्याच्याकडे अजून एक वर्ष आहे, त्याला पुढच्या वर्षी अर्ज करता येईल, माझं काय? हे सगळं डोक्यात एकाच वेळी चालू होतं. समोर ती बाई चष्म्यावरून बघत होती. आणि मला मनातून वाटत होतं की ती रेघ त्यानंच पाहिली. त्याची नजर माझ्यापेक्षा तेज आहे, हे सगळा विभाग जाणतो.

"मी," मी म्हटलं.

बाईनं काहीतरी लिहिलं आणि आभार मानले.

फिन्टन बाहेर बागेतल्या बाकावर कागदी पेल्यातला चहा घेऊन बसला होता. माझ्यासाठीही आणलेला. "तुलाही विचारलं ना? काय सांगितलंस?"

"तुझं नाव," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

तो ताडकन उठला. "अगं मूर्ख बाई! मी तुझं नाव सांगितलंय! आता आपण दोघंही खोटारडे ठरलो, कुणालाच देणार नाहीत ते! असं का केलंस गं? तुझं हे शेवटचं वर्ष होतं!"

त्याला माझ्यासाठी रडू येत होतं. मी चहा पीत राहिले. त्यात साखर माझ्या मापाची होती. गॉलवेपर्यंत मी झोपेचं सोंग घेतलं.

तीन आठवड्यांनी ईमेल आला. फेलोशिप मला मिळाली होती.

आनंद झाला का? कोण जाणे. आईला फोन केला तर ती म्हणाली, "बरं झालं. जेवलीस का?" नंतर मी अर्धा तास सामानाच्या खोलीत उभी होते. फिन्टनला तोंड कसं दाखवायचं, तेच कळेना. जुन्या नोंदवह्या तिथेच फळीवर असतात. हात आपोआप चार वर्षांपूर्वीच्या मार्चवर गेला. इतके दिवस का गेला नव्हता, ते मला माहीत आहे. मला बघायचंच नव्हतं.

पान फुगलेलं होतं, शाई पसरली होती. 'पाच मीटर बारा. काळी रेघ.' अक्षर फिन्टनचं.

संपलं, म्हटलं. त्यानंच पाहिली होती. मी चोर आहे, आता लेखी पुरावाही आहे. वही मिटायला लागले आणि हात थांबला. अक्षर त्याचं म्हणजे वही त्याच्या हातात. म्हणजे कोरडे हात त्याचे. मग चिखलाचे कुणाचे? खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. 'ब्रोना म्हणते हा कोळसा आहे. मी म्हणतो चहा घेऊ या.'

मी खालीच बसले. रेघ मी पाहिली होती. डब्लिनला मी खरंच सांगितलं होतं. मग हलकं वाटायला हवं होतं ना? मग अजूनही चोरासारखं का वाटत होतं?

दार ढकलून फिन्टन आला. हातात दोन कप होते. "ही इथे लपलीय होय! अभिनंदन, बाईसाहेब. आता डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस." मग माझ्या मांडीवरची वही त्याला दिसली.

"फिन्टन, मी तुझं नाव नव्हतं सांगितलं. माझंच सांगितलं."

"कळलं ते. नाहीतर तुला कशी दिली असती?" तो खाली माझ्याशेजारी बसला. "खरं तेच सांगितलंस की. तूच पाहिलीस. मी तेच लिहिलं होतं, मला चांगलं आठवत होतं."

"पण मला आठवत नव्हतं रे! मला वाटत होतं तू पाहिलीस. तुझी आहे असं समजून मी ती घेतली."

त्यानं माझा कप माझ्या हातात दिला. रागावला की नाही, मला आजही सांगता येत नाही. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी माझं पत्र तूच लिही. पण या खेपेला वही बघून लिही, काय?"

ते पत्र आता माझ्यासमोर आहे. टियरनन परवा सही करणार आहेत. फिन्टन चिकाटीचा आहे, प्रामाणिक आहे, हे सगळं लिहून झालंय. सगळ्यात मोठं वाक्य अजून राहिलंय. एका जागेसाठी मुलाखत चालू असताना समितीनं त्याला विचारलं आणि त्यानं दुसऱ्याचं नाव सांगितलं. याहून चांगलं त्याच्याबद्दल कुणालाच काही लिहिता येणार नाही. पण ते वाचल्यावर कुणीही विचारेल, मग त्या दुसरीनं काय सांगितलं? दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय.