पंचराव आणि डावरी वही

मी एक जुना पंच आहे. मित्रांनो, मैदानात बोट वर करून तुम्हाला बाद ठरवतो तो पंच नव्हे, आणि दोघांच्या भांडणात निवाडा देणाराही नव्हे. मी कागदाला भोके पाडणारा पंच! तारेच्या वेटोळ्यांची वही तुम्ही पाहिली असेल. तिच्या कडेने बारीक भोकांची एक सरळ ओळ असते आणि त्यातून तार ओवलेली असते. ती भोके पाडणे हे माझे काम. तुम्ही कागदाला भोक पाडले तर ओरडा खाता. मी आयुष्यभर तेच केले आणि शाबासकी मिळवली.

माझा जन्म ओतीव लोखंडाच्या कारखान्यात झाला. अंगाला हिरवा रंग, जबड्यात चौतीस पोलादी सुया आणि डोक्यावर हातभर लांब दांडा. दांडा खाली ओढला की 'खट्टाक्' असा आवाज होतो आणि बारा कागदांना एका दमात चौतीस भोके पडतात. पहिल्यांदा तो आवाज केला तेव्हा मला इतका आनंद झाला, की पुन्हा कधी ओढतात याची मी वाट पाहत बसलो!

मला पहिल्यांदा घेतले ते बाइंडरकाकांनी. वह्या-पुस्तके बांधण्याचे त्यांचे छोटे दुकान होते. रोज सकाळी बाह्या सरसावून ते म्हणायचे, "चला पंचराव, लागा कामाला." गिऱ्हाइकांपुढे माझे कौतुक करायचे, "हा रुसत नाही, रजा मागत नाही आणि चहाही पीत नाही." वीस वर्षे मी त्यांची मान खाली जाऊ दिली नाही. मग एक दिवस विजेवर चालणारे, गोरेगोमटे, बटण दाबले की गुणगुणणारे मशीन आले. गरज सरो, वैद्य मरो! माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे मोडक्या स्टुलाशेजारी मी तीन वर्षे गंज खात पडलो. भंगारवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने मला उचलून पाहिले आणि कंबर धरून परत गेला. माझ्या वजनाने मला वाचवले म्हणायचे.

आणि मग ताई आली! ती एका मोठ्या कचेरीत फायली सांभाळायची. तिला तिथे दुःख काहीच नव्हते, पण स्वतःच्या हाताने काहीतरी बनवून विकायचे हे वेड तिच्या डोक्यात शिरले होते. तिला वह्या करायच्या होत्या. बाइंडरकाकांनी मला जिन्याखालून ओढून काढले आणि तिला आधीच बजावले, "ताई, या धंद्यात मान मोडते आणि वर मानही मिळत नाही."

"मान मोडली तर बघू, काका," ती म्हणाली. "आधी हा चालतो कसा ते दाखवा."

तिने रॉकेलच्या फडक्याने माझा गंज पुसला, सुयांना तेल दिले आणि दांडा ओढला. खट्टाक्! तीन वर्षांनी माझा आवाज मीच ऐकला. हमालाने मला दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवले. खोलीत एक खिडकी, दोन टेबले, कागदाची थप्पी आणि कोपऱ्यात तिच्या सासूबाईंची खाट. ताईचा नवरा फिरतीच्या नोकरीवर असायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. म्हणजे कारखान्यात आम्ही तिघेच: ताई, सासूबाई आणि मी.

आता खरी गोम ऐका. कचेरीतल्या साहेबांनी ताईला वर्षभराची बिनपगारी रजा दिली होती. वर्षात धंद्याने बाळसे धरले तर उत्तम. नाही तर वर्ष संपताच एक तारखेला ती कामावर हजर आणि मी भंगारात. परीक्षा तिची होती तितकीच माझीही होती!

पहिले अकरा महिने आम्ही नुसते नकार गोळा केले. दुकानदार वही चाळायचे आणि "ठेवून जा, बघू" म्हणायचे. 'बघू' म्हणजे 'नको' हे ताईला लवकरच कळले. पण ती तिथून हलायची नाही. "का नको, एवढं सांगा," असे विचारायची आणि उत्तर लिहून आणायची. कागद पातळ आहे. तार वाकते. पुठ्ठा लवकर पिचतो. घरी आली की त्यातली एक खोड काढून टाकायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच दुकानात उभी राहायची. सासूबाई म्हणायच्या, "नकारांची वही भरत आली. होकारांची कधी शिवायला घेणार?" ताई हसायची. मला मात्र त्या वहीचा भारी आदर वाटायचा, कारण आमची प्रत्येक वही आधीच्या वहीपेक्षा चांगली होत होती.

बाराव्या महिन्यात चौकातल्या स्टेशनरीवाल्याने अखेर होकार दिला. एका शाळेसाठी दोनशे प्रयोगवह्या हव्या होत्या. प्रयोगवही म्हणजे पानाची एक बाजू कोरी, आकृतीसाठी, आणि दुसरी रेघांची. रेघांच्या बाजूला डावीकडे लाल समासाची रेघ. माझी भोके त्या लाल रेघेच्या कडेला पडायची.

"सोमवारी सकाळी माल पाहिजे," स्टेशनरीवाला म्हणाला होता. "मंगळवारी आणलात तर घरीच ठेवा."

गुरुवारी आणि शुक्रवारी ताईला तार आणायला दुसऱ्या गावी जावे लागले. सासूबाई म्हणाल्या, "तू जा बिनधास्त. दांडा काय, मीही ओढीन. तुझं बघून बघून मला पाठ झालंय." आणि त्यांनी खरेच ओढला! दोन दिवसांत आठशेच्या वर खट्टाक्, सोबत पुठ्ठेही. साठी उलटलेली बाई, पण दम काय विचारता!

फक्त एक घोटाळा झाला. ताई कागदांचा गठ्ठा उजव्या हातात धरते, त्यामुळे लाल रेघेची कड माझ्या जबड्यात येते. सासूबाई डावखुऱ्या. त्यांनी गठ्ठा डाव्या हातात धरला. लाल रेघ त्यांच्या मुठीत राहिली आणि पलीकडची कड माझ्या जबड्यात आली. पहिल्याच गठ्ठ्याला माझ्या लक्षात आले. मी ओरडून सांगितले असते, पण मला 'खट्टाक्'शिवाय दुसरा शब्द येत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ताईने तारेची भेंडोळी खाली ठेवली, एक गठ्ठा उचलला, मग दुसरा, मग तिसरा उलटून पाहिला. दोनशेच्या दोनशे वह्यांना उजवीकडे भोके!

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारले. मग त्यांनीही पाहिले आणि मटकन खाली बसल्या. "माझ्या या मेल्या डाव्या हातानं घात केला. शाळेत मास्तर रुमालानं बांधून ठेवायचे याला. चौथीतच कंटाळून मी शाळा सोडली. तेव्हापासून सहीपुरतंच लिहिलं, तेही उजव्यानं. आज पुन्हा याच हातानं तुझं वाटोळं केलं."

दुसऱ्या कडेलाही भोके पाडली असती तर वहीची चाळणी झाली असती. सासूबाई हळूच म्हणाल्या, "अशाच बांधून दे. मुलांना काय कळतंय?"

"पहिलीच ऑर्डर आहे, आई," ताई म्हणाली. "पहिल्याच घासाला खडा लागला तर तो परत कशाला जेवेल आपल्याकडे? उठा, मी चहा ठेवते. मग कागद काढू."

पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवलेला सगळा कागद तिने बाहेर काढला. शनिवार आणि रविवार आम्ही जी झुंज दिली, ती आठवली की अजून माझ्या सुया शिवशिवतात! ताई दांडा ओढत होती, सासूबाई तार ओवत होत्या. रविवारी दुपारी माझा दांडा सैल झाला. ताईने तो पान्याने आवळला आणि म्हणाली, "पंचराव, आज रुसायचं नाही हं." मी कसला रुसतोय! सोमवारी स्टेशनरीवाल्याच्या दुकानाचे शटर अर्धे वर जात होते तेव्हा दोनशे वह्या पायरीवर हजर होत्या. त्याने दहा-बारा उलटून पाहिल्या आणि नुसता "हं" म्हणाला. तो "हं" ताईने घरी येऊन आम्हाला तीनदा करून दाखवला.

त्या दुपारी सासूबाईंनी वाया गेलेल्या गठ्ठ्यांपैकी एक उचलला आणि उजवीकडच्या भोकांतून तार ओवली. वाण्याची यादी करायला तरी होईल, असा त्यांचा विचार असावा. घरात कुणी बघत नव्हते. त्यांनी पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि स्वतःचे नाव लिहिले. मग ताईचे. मग मुलाचे. मग पान भरले! एकाएकी त्या ओरडल्या, "अगं, इकडे ये! हात अडत नाही!"

"कुठे अडत नाही?"

"तारेला! नेहमीच्या वहीत ओळ सुरू करताना मूठ तारेवर येईल आणि टोचेल. यात तार पलीकडे गेली. बघ ना!"

ताईने धावत जाऊन साधी वही आणली, लिहायला लावले. मूठ तारेवर. मग उलटी वही दिली. मूठ मोकळी! ताईने दोन्ही वह्या पाहिल्या, सासूबाईंच्या हाताकडे पाहिले आणि टाळीच वाजवली. "आई, ही चूक नाहीये! हा माल आहे!"

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या अंगातून असा काही झटका गेला, की मला वाटले कुणीतरी दांडा ओढला!

पण एक तारखेला जेमतेम तीन आठवडे उरले होते. ताई 'उलटी वही' घेऊन अकरा दुकाने फिरली. सगळीकडे तेच. स्टेशनरीवाला तर हसला, "उलटी वही कोण घेणार, ताई?" सासूबाईंना त्या नावाचाच राग आला. "उलटी म्हणे! वही आहे का आजार? डावरी वही म्हण!" नाव ठरले, पण गिऱ्हाईक नव्हते. ताईने प्रत्येक दुकानात विचारले होते, "तुमच्याकडे डावखुरी मुलं किती येतात?" कुणालाच सांगता आले नव्हते. त्यांना कुणी कधी मोजलेच नव्हते!

मग ती शाळांत गेली. मोठ्या बाईंची परवानगी काढून वर्गावर्गांत उभी राहिली आणि म्हणाली, "डाव्या हातानं लिहिणाऱ्यांनी हात वर करा." कुठे तीन, कुठे पाच हात वर आले, तेही चाचरत, काही चूक कबूल करायची असावी तसे. तिने प्रत्येकाला एक डावरी वही फुकट दिली. अट एकच: आठवड्याने तिची तक्रार सांगायची. आणि मुलांनी तक्रारी केल्या की! तारेचे टोक शर्टात अडकते. मागचा पुठ्ठा मऊ आहे, मांडीवर धरून लिहिता येत नाही. ताई उड्या मारत घरी आली. मला वाटले ऑर्डर मिळाली. बाईसाहेब तक्रारींवर खूश होत्या! चार दिवसांत तिने टोक आत वळवले आणि पुठ्ठा जाड केला.

महिना संपायला दोन दिवस उरले. ताईने कचेरीत घालायचे कपडे इस्त्रीला दिले. त्या संध्याकाळी जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला आणि दारात स्टेशनरीवाला उभा राहिला, घामाघूम.

"ती उलटी..."

"डावरी," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या.

"हां, तीच ती. अहो, पोरांच्या आया दुकानात येऊन भांडतायत. माझ्याकडे का नाही म्हणून! तीन शाळांचं मिळून चारशे नग लागतील. आणि ताई, दुसऱ्या कुणाला आधी देऊ नका हं."

तो गेल्यावर दोघी सासू-सुना एकमेकींचे हात धरून खोलीभर नाचल्या. मला नाचता येत नाही, पण टेबल हलत होते, त्यामुळे मीही थोडा नाचलोच.

निरोप घेण्याआधी माझे मागणे सांगून टाकतो. शेवट मात्र मला दुसऱ्याच गोष्टीने करायचा आहे. मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्राला महिन्यातून एकदा तेलाचा थेंब द्या, गंज चढू देऊ नका. आणि तुमच्या घरी, वर्गात कुणी एखादे काम जगापेक्षा वेगळ्या हाताने करत असेल तर त्याला डावलू नका. त्याला कुठे टोचते, ते विचारा. काहीतरी नवे उभे करायला जिद्द लागतेच, पण उत्तर ऐकून घेणारा कानही लागतो. ताईकडे दोन्ही होते.

आता ती गोष्ट. चारशे वह्यांचे काम हाती आल्यावर ताईने नोकरीचा राजीनामा द्यायचे ठरवले. तिचे दोन्ही हात कामात होते. सासूबाईंनी खाट सोडली, डावरी वही पुढे ओढली आणि म्हणाल्या, "तू सांग, मी लिहिते." सुनेचा राजीनामा सासूने लिहिला, डाव्या हाताने. अक्षर वेडेवाकडे, ओळी वर चढत गेलेल्या, दोन ठिकाणी खाडाखोड. "पुन्हा नीट लिहू का?" त्यांनी विचारले. ताईने मान हलवून 'नको' म्हटले, खाली सही केली आणि तोच कागद कचेरीत नेऊन दिला.

साहेबांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "हे अक्षर तुमचं नाही. कुणाचं आहे?"

ताई म्हणाली, "माझ्या भागीदाराचं."